तलवारीच्या हाताने बांधलेली पट्टी

चातुर्मासातील एका रविवारची संध्याकाळ. राजापेठेतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली होती. आजोबा सामायिक करून उठले, तोच माडीवरून लाकडी पाटावर फासे खळखळल्याचा आवाज आला. आजोबांच्या कपाळाला आठी पडली. सप्तव्यसनांत पहिले व्यसन द्यूत, हे त्यांनी लहानपणी पाठशाळेत घोकले होते आणि उभ्या आयुष्यात पत्त्याच्या पानालाही हात लावला नव्हता. ते जिना चढून वर गेले.

वर चार नातवंडे बसली होती. मधोमध चौकोन आखलेला मोठा कागद, त्यावर सोंगट्यांसारख्या काही आकृत्या आणि प्रत्येकाच्या हाती आकड्यांनी भरलेले एकेक पान. पुण्यात शिकणारा थोरला नातू सुट्टीत एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आला होता, त्या पुस्तकाच्या आधारे हा खेळ चालला होता. फाशांना सहा नव्हे, वीस पैलू होते.

“पैशांवर खेळता का?” आजोबांनी पहिला प्रश्न विचारला.

“नाही आजोबा, यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. आम्ही सगळे मिळून एक गोष्ट रचतो. काय करायचे ते आम्ही ठरवतो, जमले की नाही ते फासा सांगतो,” अकरावीत शिकणाऱ्या नातीने उत्तर दिले.

द्यूताची शंका फिटली. आजोबा भिंतीला टेकून बसले. पुढचा तास-दीड तास त्यांनी जे पाहिले, ते अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण असे खेळ आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत.

या प्रकारच्या खेळांचा आरंभ 1974 साली अमेरिकेत झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. इतर जण त्या कल्पित जगातील एकेक पात्र होतात. मूळ खेळात पात्रांचे तीनच प्रकार होते : योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक. लढणे योद्ध्याकडे, चमत्कार जादूगाराकडे आणि जखमा भरून काढणे धर्मोपासकाकडे, अशी ही वाटणी होती. धर्मोपासकाला धारदार शस्त्र वापरण्यास मनाई होती. जो जखम भरतो त्याने पाते धरू नये, असा संकेत त्या खेळाच्या पायातच होता.

या वाटणीतून पुढे एक अडचण उभी राहिली. चार मित्र खेळायला बसले की तलवार सर्वांना हवी असे, शुश्रूषा कोणालाच नको असे. ज्याचा आग्रह कमी पडे, त्याच्या गळ्यात ती भूमिका पडे. घरात आजारी माणसापाशी कोणी बसायचे, हा प्रश्न ज्या रीतीने सुटतो, त्याच रीतीने हा सुटत असे.

राजापेठेच्या त्या माडीवरही तेच झाले होते. एकाने योद्धा घेतला, दुसऱ्याने जादूगार. थोरला सूत्रधार झाला होता. “आता तू धर्मोपासक हो,” असे दोघांनी बहिणीला परस्पर सांगून टाकले. तिने पुस्तक चाळले आणि मान हलवली. “मी लढणारीच होणार, आणि तुम्हाला उठवण्याचे कामही मीच करणार.” तिने निवडलेले पात्र होते वॉरलॉर्ड, म्हणजे सेनानायक. त्याच्यापाशी मंत्र नाही, देवतेचा वर नाही. तलवार आहे, ढाल आहे आणि शब्द आहे.

धाकट्या भावाने लगेच हरकत घेतली. “ओरडल्याने कधी जखम भरते का?”

ही हरकत जुनीच आहे. सेनानायकाचे हे पात्र 2008 साली त्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत आले, तेव्हापासून खेळणाऱ्यांमध्ये याच प्रश्नावर वाद झडले. एका पक्षाचे म्हणणे असे की रक्तस्राव शब्दाने थांबत नाही, म्हणून योद्ध्याने बरे करणे हे थोतांड आहे. दुसरा पक्ष विचारतो की मुळात खेळात जे मोजले जाते, ते काय आहे? प्रत्येक पात्राच्या पानावर एक आकडा असतो. मार बसला की तो घटतो आणि शून्यावर आला की पात्र कोसळते. हा आकडा म्हणजे अंगातले रक्त नव्हे. गायगॅक्स यांनी 1979 च्या आपल्या ग्रंथातच स्पष्ट केले होते की त्यात शरीराची सहनशक्ती अंशतःच आहे. वार चुकवण्याचे कौशल्य, दैव, अंतःप्रेरणा अशा इतर गोष्टीही त्यात मिसळलेल्या आहेत. माणूस पडतो तेव्हा हाडामांसासह त्याची उमेदही पडते, असा त्याचा अर्थ. हाड शब्दाने जुळणार नाही, उमेद मात्र शब्दाने जुळू शकते.

नातीने नियम वाचून दाखवला तेव्हा आजोबांचे कान टवकारले. सेनानायक जवळच्या सोबत्याला धीराचा शब्द देतो, तेव्हा तो स्वतःजवळचे बळ त्याला देत नाही. प्रत्येक पात्रापाशी स्वतःचे राखीव बळ असते. जादूगाराला सहा वाटे, योद्ध्याला नऊ, आणि प्रकृती दणकट असेल तर त्यात भर. एकेक वाटा म्हणजे त्याच्या पूर्ण शक्तीचा चौथा हिस्सा. घाबरलेल्याला, कोसळलेल्याला स्वतःचा हा साठा ऐन रणधुमाळीत आठवत नाही. सेनानायकाचा शब्द त्या साठ्याचे दार उघडतो, एवढेच. त्यावर एका फाशाची भर पडते, ती शब्दाची. हा शब्दही एका चकमकीत दोनदाच वापरता येतो. आणि ज्याचा साठा संपला, त्याला धीर देऊनही फारसा उपयोग होत नाही, त्याला विश्रांतीच हवी.

“अरे, हे तर निमित्त आणि उपादान!” आजोबा नकळत बोलून गेले.

स्वाध्यायात बसणाऱ्यांना हे दोन शब्द परिचित आहेत. अनंत वीर्य हा आत्म्याचा स्वतःचा गुण आहे, तो कोणी कोणाला दान करू शकत नाही. गुरू, ग्रंथ, मित्र ही सारी निमित्ते. कार्य घडते ते उपादानात, म्हणजे ज्याचे त्याच्यात. बाहेरून कोणी मोक्ष देत नाही, तसे बाहेरून कोणी धैर्यही देत नाही. आतले जागे होण्यास बाहेरचे निमित्त होते, इतकेच त्याचे श्रेय. अमेरिकेतील खेळ रचणाऱ्यांना जैन दर्शन ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु मनुष्य पडतो कसा आणि उठतो कसा, याचे निरीक्षण प्रामाणिक असले की ते त्याच जागी पोहोचते.

पुढे या खेळांनी योद्ध्याच्या शुश्रूषेला आणखी वाटा दिल्या. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत योद्ध्याला दम खाऊन स्वतःला सावरण्याची शक्ती मिळाली, आणि ज्याला शुश्रूषेचे विशेष शिक्षण आहे असे कोणतेही पात्र औषधांच्या पेटीने जखमी सोबत्याला सावरू लागले. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या आवृत्तीत तर वैद्यक हे कोणालाही शिकता येणारे कौशल्य ठरले. लढाई संपल्यावर दहा मिनिटे जखमी माणसापाशी बसायचे, जखम धुऊन बांधायची आणि मग फासा टाकायचा. हात फारच चुकला तर इजा वाढते, हेही तिथे नमूद आहे. लढाई चालू असतानाच पट्टी बांधायची असेल, तर त्यासाठी अगदी शेजारी जावे लागते, एक हात मोकळा ठेवावा लागतो आणि आपल्या पाळीतील वेळ खर्चावा लागतो. तेवढ्या वेळात एक वार करता आला असता. मंत्र नसलेल्याची शुश्रूषा फुकट होत नाही, तिची किंमत आहे आणि ती शुश्रूषा करणाराच मोजतो.

एवढे ऐकल्यावर आजोबांनी दुसरी आणि खरी शंका काढली. “खेळ बुद्धीचा आहे, मान्य. पण तुम्ही मनाने का होईना, मारताच ना? यशोधर राजाची कथा विसरलात?”

ती कथा जैन घरांतून विसरण्यासारखी नाही. आईच्या आग्रहावरून यशोधर राजाने देवीपुढे खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मारण्याचा भाव झाला, आणि त्या भावापायी माता-पुत्रांना जन्मामागून जन्म तिर्यंच गतीत भटकावे लागले. या कथेशी वऱ्हाडाचे नातेही जवळचे आहे. महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य 1931 साली कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रकाशात आले. जे कारंजे आपण लाडांचे म्हणून ओळखतो, तिथल्या शास्त्रभांडारांनी अशा पोथ्या शतकानुशतके जपल्या.

थोरला नातू निरुत्तर झाला. उत्तर दिले ते नातीने. “आजोबा, पिठाचा कोंबडा मारण्याचा भाव जर बांधतो, तर कागदावरच्या जखमेला पट्टी बांधण्याचा भाव वाया जाईल का?”

आजोबा गप्प झाले. मुलीचे म्हणणे सिद्धांताला धरूनच होते. अशुभ भावाने पापाचा आस्रव होतो, शुभ भावाने पुण्याचा. ज्या न्यायाने कल्पनेतली हिंसा दोषास्पद ठरते, त्याच न्यायाने कल्पनेतली करुणाही मोलाची ठरते. म्हणून खेळ चांगला की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. खेळताना मन कशात रमते, हा प्रश्न पालकांनी विचारावा. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य आहे, आणि विरोधी हिंसा, म्हणजे आक्रमकापासून रक्षण करताना घडणारी, ती नाइलाजाची मानली आहे. मारण्यातच मौज वाटू लागली तर खेळ थांबवावा, हे सांगण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा आहेच. पण मुलाने हाती तलवार असलेले पात्र घेतले, एवढ्यावरून त्याचे मन हिंसक झाले, असा निर्वाळा देऊ नये.

शस्त्र धरणाऱ्या हातांनी शुश्रूषा केल्याची उदाहरणे आपल्या शास्त्रांत ठळक आहेत. चोवीसही तीर्थंकर क्षत्रिय कुळांत जन्मले. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांसाठी आठ व्यक्ती दृष्टान्त म्हणून सांगितल्या आहेत. त्यांत निर्विचिकित्सा अंगासाठी उद्दायन राजा आहे. त्याची परीक्षा पाहण्यासाठी एक देव कुष्ठाने ग्रासलेल्या मुनीचे रूप घेऊन दारी आला. राजाने भक्तीने आहार दिला. मुनीने तो राजाच्याच अंगावर ओकला. सेवक दुर्गंधीने पळाले. राजाने मात्र आपल्याच आहारात काही दोष राहिला असावा, असे म्हणत त्या मुनीचे अंग स्वतःच्या हातांनी धुतले. राज्य चालवणारे, धनुष्य ओढणारे ते हात होते.

त्याच मालिकेत स्थितिकरण अंगासाठी वारिषेण मुनींचे नाव आहे. श्वेतांबर परंपरा याच अंगाला स्थिरीकरण म्हणते. वारिषेण हे श्रेणिक राजाचे पुत्र. त्यांच्या मागोमाग मंत्र्याचा मुलगा पुष्पडाल याने दीक्षा घेतली, पण बारा वर्षे लोटली तरी त्याचे मन घरी राहिलेल्या पत्नीत गुंतलेले होते. वारिषेणांनी त्याला रागावले नाही, संघातून काढले नाही. ते त्याला राजवाड्यात घेऊन गेले, आपल्या त्यागलेल्या राण्या व वैभव समोर आणवले आणि म्हणाले, हे सारे घे. पुष्पडालला लाज वाटली आणि त्याचे मन ठिकाणावर आले. वारिषेणांनी त्याला बाहेरून काही दिले नाही, त्याचेच हरवलेले वैराग्य त्याला परत सापडवून दिले. श्रेणिकाचाच दुसरा पुत्र मेघकुमार दीक्षेच्या पहिल्याच रात्री खचला, तेव्हा भगवान महावीरांनी त्याला त्याच्याच पूर्वभवाची, सशाला वाचवण्यासाठी पाय उचलून धरणाऱ्या हत्तीची, आठवण करून दिली. रीत तीच, आतल्या साठ्याचे दार उघडण्याची.

लौकिक जगातही हे नवे नाही. केरळच्या कळरीत शस्त्रविद्या शिकवणारे गुरुक्कळ मर्मस्थानांची चिकित्साही जाणतात, कारण कुठे मारले म्हणजे माणूस पडतो हे ज्याला कळते, त्यालाच कुठे चोळले म्हणजे तो उठतो हेही कळते. जपानमध्ये जूडोच्या परंपरेतून आलेले हाडे बसवणारे चिकित्सक आज सरकारी परवान्याने व्यवसाय करतात. अमरावतीकरांना तर यासाठी गावाबाहेर पाहण्याची गरज नाही. 1914 साली अनंत आणि अंबादास वैद्य या बंधूंनी येथे हनुमान आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. आखाडा म्हटला की कुस्ती डोळ्यांसमोर येते. पण मुरगळलेला पाय ओढून बसवणारा, हळद-तेल लावून खांदा चोळणारा आणि हरलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल मातीत उतरवणारा वस्ताद हाही त्याच आखाड्याचा असतो. ज्या दिवशी पोराला चितपट केले, त्याच दिवशी त्याची पाठ चोळायची, हा आखाड्याचा अलिखित नियम आहे. आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली याच गावी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, तेव्हा उद्दायन राजाची कथा अमरावतीच्या माळावर खरी झाली.

माडीवरचा खेळ आता रंगात आला होता. दरोडेखोरांच्या टोळीशी गाठ पडली होती. नातीने आपले दोन्ही धीराचे शब्द खर्चून टाकले होते, एकदा जादूगारासाठी, एकदा योद्ध्यासाठी. टोळीचा म्होरक्या घायाळ होऊन समोर उभा होता. एका वाराचे काम उरले होते, आणि त्याच्या मागे लुटीची पेटी होती. तेवढ्यात धाकट्या भावाचे पात्र पुन्हा कोसळले. नियम असा की कोसळलेल्याने दर पाळीला फासा टाकायचा, दहापेक्षा कमी पडले तर एक पाऊल मरणाकडे, आणि तिसऱ्या पावलाला सारे संपले. त्याची दोन पावले पडून गेली होती.

“मार त्याला! पेटी आपली होईल,” जादूगार झालेला भाऊ ओरडला.

नातीने सोंगटी उचलली आणि म्होरक्याकडे पाठ करून धाकट्या भावाच्या सोंगटीशेजारी ठेवली. “मी तलवार खाली ठेवते आणि त्याची जखम बांधते.” तिला पंधरा गुण हवे होते. शुश्रूषेच्या शिक्षणाचे सात गुण तिच्या पानावर होते. वीस पैलूंचा फासा घरंगळत गेला आणि अकरावर थांबला. धाकटा वाचला. म्होरक्या पेटी घेऊन निसटला.

“पेटी गेली,” एकाने हळहळून म्हटले. धाकट्याने मात्र आपले पान दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. पान कागदाचे होते, पण त्याच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव कागदाचा नव्हता. ‘ओरडल्याने जखम भरते का’ हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

आजोबा खाली आले, पण त्यांना लवकर झोप लागली नाही. त्यांच्या दुकानासमोर सरकी-ढेपेचे एक दुकान होते. मालक साधर्मिक, तीस वर्षांची ओळख. उधारी बुडाल्याने महिन्याभरापासून त्याचे शटर अर्धेच वर जात होते. बाजारात त्याच्या देण्याची चर्चा रोज होई. आजोबांचेही त्याच्याकडे काही येणे होते. गेलो तर वसुलीला आलो असे त्याला वाटेल, या संकोचाने ते महिनाभर त्या पायरीवर चढले नव्हते. संकोच खरा होता, पण त्याच्या आड येण्याची काळजीही लपलेली होती, हे त्या रात्री त्यांच्या ध्यानात आले. साधर्मिक वात्सल्यावर पर्युषणात त्यांनी अनेक प्रवचने ऐकली होती. वात्सल्य म्हणजे पंगत घालणे, एवढाच त्याचा अर्थ आजवर मनात राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन आटोपून ते थेट समोरच्या दुकानात गेले. खातेवही नेली नाही. मालक गडबडीने उठला आणि काही बोलण्याआधीच म्हणाला, “भाऊ, दिवाळीपर्यंत थोडे थांबा.”

“मी मागायला आलो नाही,” आजोबा बसत म्हणाले. “दुष्काळाच्या साली माझ्या दुकानात माल भरायला कोणी तयार नव्हते, तेव्हा तुम्ही तीन पेढ्यांत स्वतः उभे राहून माझ्यासाठी शब्द टाकला होता. तो माणूस कुठे गेला, ते पाहायला आलो.”

बराच वेळ दोघेही बोलले नाहीत. नंतर कोणाकडून किती येणे आहे, कोणता शेतकरी कापूस विकल्यावर देईल, कोणाला हप्ते बांधून द्यावेत, याचा हिशेब सुरू झाला. तो हिशेब मालकानेच मांडला, आजोबांनी फक्त ऐकला. नुकसान जिथल्या तिथे होते, त्यातला एक रुपयाही त्या सकाळी भरून निघाला नाही.

उठताना आजोबा म्हणाले, “उद्यापासून रोज सकाळी अर्धा तास मी इथे बसणार आहे. शटर पूर्ण वर असू द्या, मला वाकून आत येणे आता जमत नाही.”

संध्याकाळी नातीने विचारले, “आजोबा, आज पुन्हा खेळणार आहोत. बसाल का वर?”

“बसेन,” आजोबा म्हणाले. “पण सूर्यास्ताआधी जेवून घ्या, आणि तुमच्या त्या म्होरक्याला पकडाल तेव्हा त्याचीही जखम बांधता येते का, ते पुस्तकात पाहून ठेवा.”